कर्ण्याची काळजी

कारण नसताना इतक्या शिस्तीत काळजी करणारा माणूस अख्ख्या कर्वेनगरात दुसरा झाला नाही, हे मी शपथेवर सांगेन. आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहायचे हे गृहस्थ. त्यांच्या काळजीचा विषय म्हणजे कर्णा. सह्याद्रीच्या दाट रानातला पक्षी. काळं डोकं, लालभडक पोट आणि मधे पांढरी पट्टी. जगातल्या कुठल्या पक्ष्याला किती धोका आहे याची एक यादी निघते म्हणे. तिच्यात कर्ण्यापुढे लिहिलंय, ‘फारशी काळजी नाही.’ झालं, यांचं डोकंच फिरलं. "अहो, संख्या बरी आहे म्हणून तसं लिहिलंय," मी समजावलं. "नामशेष व्हायला आलेत त्यांच्यासाठी समित्या आहेत, बाई. याला कोण आहे?" सगळा जन्म शाळेत शिकवण्यात गेला, पण असला विद्यार्थी मला कधी भेटला नव्हता.

मग सोसायटीच्या वार्षिक सभेत त्यांनी ठराव मांडला, ‘ही सोसायटी कर्ण्याबद्दल काळजी व्यक्त करते.’ सेक्रेटरी म्हणाले, "आधी पाण्याची टाकी घेऊ." टाकीवरून दोन तास भांडण झालं, तोवर बटाटेवडे आले, आणि ते गार होऊ नयेत म्हणून ठराव एकमताने मंजूर झाला. इतिवृत्तात आहे, हवं तर बघा. गंमत म्हणजे यांनी कर्णा कधी पाहिलेलाच नव्हता. एकदा पक्षी बघणाऱ्या मंडळींबरोबर घाटात गेले. सगळ्यांना दिसला, यांना नाही. तो यांच्याच डोक्यावरच्या फांदीवर पाठ फिरवून बसला होता आणि हे दुर्बिणीतून समोरची दरी तपासत होते. "गप्प बसणाऱ्याकडे लक्ष जात नाही हो," एवढंच म्हणाले.

रोज सकाळी सातला माझी बेल वाजवायचे. दार उघडलं की "आहात ना?" मी "आहे" म्हटलं की चालले जिना उतरून. त्या नादात माझा चहा उतू जायचा. एकदा वैतागून म्हटलं, "नसले तर कळवीन." तर म्हणाले, "कळवा."

दिवाळीनंतर ते जिन्यात पडले आणि मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली. जाताना आपली वही माझ्या हातात दिली, काळजीत खंड पडू नये म्हणून. पहिल्या पानावर कर्णा. दुसऱ्या पानावर मी. ‘दुसरा मजला, बाई. तब्येत ठणठणीत. मुलगा परदेशी. फारशी काळजी नाही. म्हणून रोज सातला.’ वाचलं आणि रडूच आलं मला. इतकी वर्षं मी या माणसाला वेड्यात काढत होते. तिसरं पान कोरं होतं, त्यावर त्यांचं नाव मी लिहिलं.

आता रोज सातला नागपूरला फोन लावते. "आहात ना?" "आहे. कर्णा?" "तोही आहे," मी ठोकून देते. फोन ठेवला तरी कान मात्र बेलकडेच असतात.