क्लाउडच्या घरी जाऊन केलेली तपासणी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या राव, मग चहा घ्या. नाहीतर ठसका लागेल आणि त्याचं पाप माझ्या माथी! एवढी फजिती माझ्या लग्नातसुद्धा झाली नव्हती.

आता मी पडलो परचेसमधला माणूस. सव्वीस वर्षं चाकणच्या एकाच कंपनीत खरेदी बघतोय. खरेदीवाल्याचा स्वभाव माहितीये ना? दूधवाला हसून नमस्कार करायला लागला की आधी पातेल्यात डोकावायचं, आज पाणी किती घातलंय ते बघायला. बायको अजून सांगत फिरते, "मंगलाष्टकं चालू असताना हे अंतरपाटावरून वाकून बघत होते, मुलगी तीच आहे ना म्हणून!" आता खोटं कशाला बोलू? बघितलं होतं.

आमच्याकडे गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनतात. मालक म्हणजे अण्णा, चाकणच्याच जुन्या घरातले. "जाधव हाय ना, मग मला बघायला नगं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या एका वाक्यावर माझी खुर्ची टिकून आहे हो!

तर झालं काय, आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने फर्मान काढलं. कुठला माल कधी निघाला, कुठल्या लॉटचा, हे सगळं आम्हाला आमच्या ऑफिसात बसून दिसलं पाहिजे. महिन्याभरात आमची माणसं तपासायला येतील. नसेल तर नवीन ऑर्डर विसरा. म्हणजे ॲप बनवायचं आणि ते क्लाउडवर ठेवायचं आलं. आमचं कॉम्प्युटरचं खातं वैशाली मॅडमकडे. त्यांनी तीन प्लॅटफॉर्म काढले.

"हे बघा जाधवसर," त्या म्हणाल्या, "पहिल्यावर ॲप बनवायची साधनं पण आहेत आणि चालवायची सोय पण. रावेतला तयार फ्लॅट घेतल्यासारखं, सामान आणलं की राहायला सुरुवात. दुसरा म्हणजे मोकळा प्लॉट. हवं तसं बांधा, पण बांधायला माणसं आपली लागणार, आणि आपल्याकडे मी एकटीच आहे. तिसरा तळवड्याचा. त्याची नीट माहितीच मिळत नाहीये. माझं मत पहिल्याला."

झालं! माझ्या डोक्यात घंटा वाजली. तीन नावं घ्यायची आणि मत एकालाच? इतक्या ठामपणे?

"मॅडम, त्या कंपनीत कोणी ओळखीचं आहे का?"

"नाही."

"दिवाळीला मिठाईचा डबा वगैरे?"

"जाधवसर!"

"नाही, सहज विचारलं."

सहज कसलं! तडक अण्णांच्या केबिनमध्ये गेलो. "अण्णा, कुठेतरी पाणी मुरतंय. मॅडम त्या पहिल्याच्याच मागे का लागल्यात?" अण्णा म्हणाले, "आसं म्हणतोस? मग तू सोता बघून ये." दार उघडंच होतं, मॅडमनी सगळं ऐकलं. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मी म्हटलं, बघा, चोरी पकडली गेली की माणूस असाच गप्प होतो.

आता आमच्या चाकणची रीत तुम्हाला सांगायला नको. साधा नटबोल्ट घ्यायचा तरी आम्ही आधी त्या माणसाचं शेड बघून येतो. हातात छापील तक्ता. माल कुठे ठेवता, आग विझवायचा सिलिंडर आहे का, प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे, कामगारांच्या पायात सेफ्टी शूज आहेत का. मग क्लाउडवाल्यांनी काय घोडं मारलंय? लावला पहिल्याला फोन.

"तुमची मशिनं बघायला यायचंय. कधी येऊ?"

"सर, तिथे ग्राहकांना प्रवेश नसतो," पलीकडची मुलगी म्हणाली. "सुरक्षेसाठी."

"कुणाच्या सुरक्षेसाठी? माझ्या की तुमच्या?"

"सर, तपासणीची प्रमाणपत्रं आहेत, मी मेल करते ना."

"प्रमाणपत्रं काय, मीही छापून देईन!" तक्त्यावर मारली फुली.

दुसऱ्याने तर कहर केला. म्हणे जागेचा नेमका पत्ताच देता येत नाही! अरे, पिंपळे गुरवला आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीलासुद्धा पत्ता आहे! दुसरी फुली.

तिसऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "या की साहेब! आत्ता या, चहाला या!" ऐकलंत? याला म्हणतात स्वच्छ व्यवहार.

गेलो तळवड्याला. दुसऱ्या मजल्यावर छोटंसं ऑफिस, आत काचेची खोली. गृहस्थाने मला चपला बाहेर काढायला लावल्या. आत हा गारठा! कपाटात मशीन घुमतंय, हिरवे दिवे लुकलुकतायत. आणि मशीनवर काय असावं? कुंकवाचं स्वस्तिक! मला भरूनच आलं हो. म्हटलं, जो माणूस मशीनची पूजा करतो तो गिऱ्हाइकाला कशाला फसवेल? सिलिंडर होता. प्रथमोपचाराची पेटी होती, त्याने उघडून आतल्या पट्ट्यासुद्धा दाखवल्या. सेफ्टी शूज नव्हते, पण तिथे सगळेच अनवाणी, म्हणून अर्धा मार्क दिला. निघताना मशीनवर हात ठेवून फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून झकास रिपोर्ट लिहिला. "यंत्रसामग्री उत्तम व भक्कम. पुढील दहा वर्षे चिंता नाही." आणि शेवटी, देवा रे, हेही लिहिलं: "पहिल्या कंपनीची शिफारस कोणत्या हेतूने झाली, याची चौकशी व्हावी." खाली झोकदार सही.

मीटिंगला आम्ही तिघंच. मॅडमनी माझा फोटो मोठा करून बघितला. परत बघितला. मग उठल्या आणि स्टोअरमधून एक फाइल घेऊन आल्या.

"अण्णा, मशीनच्या कोपऱ्यावरचा स्टिकर बघा. वर नंबर लिहिलाय. अक्षर ओळखीचं वाटतं का?"

मी वाकून बघितलं. अक्षर माझं होतं! दोन वर्षांपूर्वी आम्ही भंगारात काढलेला आमचाच सर्व्हर तो. कुदळवाडीच्या भंगारवाल्याकडून फिरत फिरत तळवड्याला पोचला असणार. आणि ते कुंकू? आमच्या दसऱ्याच्या पूजेचं. मीच लावलं होतं!

फाइलमध्ये भंगाराची नोट होती. "यंत्र पूर्णपणे निकामी. दुरुस्तीच्या पलीकडे." खाली तीच झोकदार सही.

अण्णांनी चष्मा लावला, दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मला वाटलं, आता हसतील. ते हसले नाहीत.

"जाधव, ह्ये मशीन भंगारात तूच काढलंस. आन आता तूच म्हणतोस, आपलं सगळं काम याच्यावरच ठेवा. मधल्यामधी कुणाचं भलं झालं रं? त्यो तळवडेवाला तुझा कोण लागतो?"

घाम फुटला हो मला! कारण प्रकरण बाहेरून अगदी तसंच दिसत होतं. दुसऱ्या कुणाचं असं सापडलं असतं, तर मीच त्याला संध्याकाळच्या आत घरी बसवलं असतं.

"अण्णा, देवाशप्पथ—"

"शप्पथ मलाबी घेता येती. मग शिफारस त्याचीच का केलीस, त्ये सांग."

काय सांगणार, कपाळ? सव्वीस वर्षांची नोकरी टेबलावर पडली होती. तेवढ्यात मॅडमनी घसा खाकरला. म्हटलं, संपलं. त्यांच्या जागी मी असतो तर आज सोडलं नसतं.

"अण्णा, जाधवसर चोर नाहीत. खात्री मी देते."

"तुमी? तुमच्यावर त्यानं आळ घेतला, आन तुमी खात्री देता? कशावरून?"

"पंधरा दिवस मी यांना क्लाउड म्हणजे काय ते समजावतेय. यांना त्यातलं काहीही, म्हणजे अगदी काहीही कळलेलं नाही. अण्णा, लबाडी करायला तरी आधी विषय समजावा लागतो."

खरं सांगतो, मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं.

"खरं हाय का रं, जाधवा?"

"हो अण्णा. काहीच कळत नाही."

"लिहून दे."

पुढे ॲप पहिल्याच प्लॅटफॉर्मवर गेलं, तपासणी सुखरूप पार पडली, ऑर्डरही आली. मी मॅडमची माफी मागितली, तीही तोंडी चालली नाही, लेखीच घेतली त्यांनी. पण त्या दिवशी अण्णांना मी लिहून दिलं: "मला यातले काहीही कळत नाही." खाली सही. आणि सव्वीस वर्षांत माझा तो पहिला रिपोर्ट, जो कुणालाही तपासून बघावासा वाटला नाही!