इमारतीचं खरं वय

इंग्रजीत लिहिलेला कोणताही कागद हातात आला की सर आधी ‘इयर्स’ हा शब्द शोधायचे. सापडला की त्यातल्या ‘एस’वर अंगठा ठेवायचे आणि म्हणायचे, “आता वाचा.”

समोरचा अडखळत वाचायचा, “अ ट्वेंटी-इयर-ओल्ड फ्लॅट.”

“हां! फ्लॅटच्या आधी आलं की एस जातो. नंतर आलं की राहतो. द फ्लॅट इज ट्वेंटी इयर्स ओल्ड. अहो, एवढंच आहे. एवढ्यासाठी अख्ख्या सेक्टरची लाज कशाला घालवता?”

समोरचे बहुतेक इस्टेट एजंट असत. कोपरखैरण्यात आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर, दोन खोल्यांच्या घरात, सर संध्याकाळी इंग्रजीचे क्लास घेत. मूळचे साताऱ्याकडचे, शाळेतून निवृत्त झालेले. बायको वारलेली, मुलगा कामोठ्याला. तुम्ही कधी नवी मुंबईत घर शोधलं असेल तर तुम्हाला ठाऊकच असेल, इथे विकायला काढलेला फ्लॅट ‘ऑलमोस्ट न्यू’ असतो आणि पाडायचं ठरलं की तोच एका आठवड्यात मोडकळीला येतो. मधली वर्षं कुणी मोजत नाही. सर मोजायचे.

एकदा शेजारच्या गावठाणातले एक शेठ आले. पूर्वी भातशेती, आता चार चाळींचे मालक. गावच्या देवळावर त्यांना इंग्रजी पाटी लावायची होती.

“लिवा सर, देऊल पाचशे वर्सं जुना हाय.”

“कोण म्हणतं?”

“कोन म्हंजे? माझा आजा सांगायचा.”

“आजोबांना कुणी सांगितलं?”

“त्यांच्या आजानं.”

सरांनी थोडा विचार केला आणि लिहिलं, ‘द टेम्पल इज सेड टू बी फाइव्ह हंड्रेड इयर्स ओल्ड.’ शेठना मधले शब्द जास्तीचे वाटले. सरांनी समजावलं, “म्हणजे, असं म्हणतात. तुम्ही म्हणा, गावानं म्हणावं, मी पण म्हणतो. फक्त इंग्रजी त्यावर सही करत नाही.” शेठ मनापासून हसले. पाटी लागली. देवळाच्या भिंतींना त्याच महिन्यात बाथरूमसारख्या चकचकीत टाइल्स लागल्या, पण त्यांचं वय सरांना कुणी विचारलं नाही.

मग आमच्या बिल्डिंगची वेळ आली. त्या वेळी सोसायटीचा सेक्रेटरी मी होतो. दिवसा तुर्भ्याच्या कंपनीत नोकरी, संध्याकाळी लोकांच्या गळतीच्या तक्रारी. एक बिल्डर येऊन टॉवरचं रंगीत चित्र दाखवून गेला आणि लोकांना जिन्यातल्या भेगा अचानक दिसायला लागल्या. तीस वर्षं पूर्ण झाली असली की पाडून नवं बांधायच्या परवानगीचं काम सोपं होतं, असं त्यानं सांगितलं होतं. आमची बिल्डिंग सव्वीस वर्षांची. चेअरमन म्हणाले, “चार वर्षांनी काय फरक पडतो? आपण घर घेताना बिल्डरनं दोन वर्षं उशीर केलाच होता ना? तेवढी तरी धरा.”

मी अर्ज लिहिला. ‘अवर बिल्डिंग इज ओव्हर थर्टी इयर्स ओल्ड.’ गच्चीवरच्या मीटिंगमध्ये तो सरांच्या हातात दिला, शुद्धलेखन तपासायला. सरांनी दोनदा वाचला.

“व्याकरण बरोबर आहे,” ते म्हणाले. “वाक्य खोटं आहे.”

खुर्च्या करकरल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी उठून म्हणाल्या, “सर, तुमी बिल्डिंगच्या बाजूनं आहात की आमच्या?”

मला मनातून माहीत होतं की नवं घर सर्वांत जास्त सरांनाच हवं होतं. पंधरवड्यापूर्वी त्यांच्या स्वयंपाकघराच्या छताचं प्लास्टर ओट्यावर कोसळलं होतं. दूध उतरवून ते नुकते बाहेर आले होते म्हणून वाचले. वर गंजलेल्या सळ्या दिसत होत्या. तरी ते म्हणाले, “मी सही करणार नाही.” आणि मी, ज्याला त्यांनी मुलाखतीसाठी फुकट इंग्रजी शिकवलं होतं, तो मी म्हणालो, “सर, ही शाळा नाही.”

सरांनी अर्ज माझ्या हातात परत दिला. चपला घालून खाली गेले. त्यांची सही सोडून अर्ज गेला.

महिन्याभरात तो महापालिकेतून परत आला. अर्जासोबत आम्हीच बिल्डिंगचा भोगवट्याचा दाखला जोडला होता आणि त्यावर खरं साल ठळक अक्षरात छापलेलं होतं. अडतीस सभासदांपैकी एकानेही तो वाचला नव्हता. चेअरमननी ताबडतोब सर्वांना सांगितलं की ड्राफ्टिंग सेक्रेटरीचं होतं.

त्या संध्याकाळी मी सरांचं दार वाजवलं. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, पण त्यांनी बोलूच दिलं नाही.

“चहा टाकतो. कोरा कागद आणलाय का?”

फुटलेल्या छताखालचा भाग टाळून, भिंतीला चिकटून त्यांनी चहा केला. मग लिहायला बसले. ‘द बिल्डिंग इज ओन्ली ट्वेंटी-सिक्स इयर्स ओल्ड.’ पुढे एकेका घरात काय पडलं, कधी पडलं, खाली कोण बसलं होतं. शेवटी स्वतःबद्दल एक ओळ. शहात्तर वर्षांचा एक माणूस या छताखाली एकटा राहतो.

“त्या ‘ओन्ली’वर जोर द्या,” ते म्हणाले. “सव्वीस वर्षांत ही दशा, हे जास्त भयंकर आहे की नाही? तुम्ही चार वर्षं वाढवून बांधणाऱ्याला माफ करत होतात, सेक्रेटरी.”

मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, “चहा निवतोय.”

ते पत्र गेलं आणि तपासणीला इंजिनियर आले. त्यांनी बिल्डिंग धोकादायक ठरवली आणि आम्हाला परवानगी मिळाली. सोसायटीने सत्कार केला. तो चेअरमनचा.

सर मुलाकडे कामोठ्याला गेले. पुढच्या वर्षी झोपेतच गेले. टॉवरचं काम तेव्हा चौथ्या मजल्यावर होतं.

आता आम्ही नव्या घरात आहोत. तळमजल्यावर घरं नाहीत, गाड्या लागतात. परवा गाडी लावत होतो, तेव्हा एक बाई शाळकरी मुलीला घेऊन गेटवर आल्या. पत्ता लिहिलेली चिठ्ठी जुनी, चुरगळलेली होती.

“इथं इंग्लिशचे क्लास असतात ना? तळमजल्यावर?”

“यहाँ कोई क्लास नहीं है, मॅडम,” नवा वॉचमन म्हणाला. “सिर्फ पार्किंग है.”

मी गाडीतून उतरलो. मुलीनं वहीला नवं कव्हर घातलं होतं.

“होते,” मी म्हणालो. “इथेच होते.”