सुनीतासोबत कोण?

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही 'आहे' असं म्हणवत नाही. पण हे माझ्या डोळ्यांसमोर, भर दुपारी घडलंय...

हिंगोली नुकताच जिल्हा झाला होता. बाजाराच्या रस्त्यावर, एका दुकानाच्या माडीवर मी व्हिज्युअल बेसिक या कम्प्युटरच्या भाषेचा क्लास घ्यायचे. त्या दिवशी विषय होता ऑप्शनल पॅरामीटर. मी 'स्वागत' नावाची प्रोसिजर, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहून दिली – आधी आपलं नाव टाकायचं, मग सोबत आलेल्याचं. दुसरं नाव टाकलं नाही तरी चालतं. तिथे आपण आधी ठरवून दिलेले शब्द येतात – 'कोणी नाही'. सगळ्या पोरापोरींनी करून पाहिलं. बरोबर चाललं.

तेवढ्यात सुनीताची आई, गिरजाबाई, आली. कनेरगाव नाक्याकडचे मेंढपाळ लोक. मेंढरं घेऊन लांब निघायचं, म्हणून पोरीचा क्लास बंद करायला आलेली.

"माय, येवढं बघ, मंग जाऊ," म्हणत सुनीतानं फक्त स्वतःचं नाव टाकून बटण दाबलं.

आईला वाचता येत नव्हतं, म्हणून मीच मोठ्यानं वाचलं, "स्वागत, सुनीता. सोबत – देवका." आणि थबकले. "देवका कोण गं?"

"काय म्हाईत, मॅडम. म्या न्हाई टाकलं."

गिरजाबाई मॉनिटरसमोर येऊन बसली. "हे नाव तुमाला कोनं सांगितलं, बाई?"

"कुणीच नाही, मावशी..."

"हिच्या जोडीची व्हती. बारशाच्या आधीच गेली. नाव म्या मनातच ठेवलं व्हतं... हिच्या बापालाबी सांगितलं न्हाई."

आपण जुळ्या होतो, हे सुनीताला तेव्हा कळलं!

मी कोड वरपासून खालपर्यंत तपासला. 'कोणी नाही' जागच्या जागी होतं. देवका कुठेच नव्हतं.

"पुन्हा लाव," आई म्हणाली. सुनीतानं नाव टाकलं. या वेळी आलं – सोबत, कोणी नाही.

"आता काहून न्हाई?"

पुन्हा पुन्हा करून पाहिलं... कोणी नाही. शेवटी गिरजाबाईनं मॉनिटरच्या काचेवरून हलकेच हात फिरवला आणि उठली.

"हिला ऱ्हाऊ द्या मामाकडं, हिंगोलीतच. मेंढरं आमी बघतो." दाराशी जाऊन वळली. "दोघींलाबी येऊ द्या."

सुनीतानं कोर्स पूर्ण केला. ते नाव पुन्हा कधी दिसलं नाही. नंतर मी कितीतरी जाणकारांना विचारलं. मेमरीत जुनं काही राहिलं असेल, म्हणतात. असेलही... पण जे नाव कुणी कधी तोंडातून काढलंच नव्हतं, ते त्या मशीनच्या मेमरीत आलं कुठून?