आठवी जागा

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, तोरण्याच्या पोटात एक धनगरवाडा आहे. तिथल्या सात बायका या माघात रोज दुपारी खळ्यावर जमून आकाशात तरंगायला शिकत होत्या. शिकवणारा हैबती ढेबे, फौजेतला रिटायर हवालदार, वय सत्तावन्न. साठीला अजून तीन वर्षं आहेत, पण बुद्धी आधीच नाठी झाली, असं खालच्या गावातली माणसं म्हणत. तसं म्हणून मग तीच माणसं बांधावर बसून गंमत बघत.

हैबती चोवीस वर्षं छत्रीवाल्या पलटणीत होता. छत्रीनं उतरणं त्याला काही विशेष वाटत नसे. शेळीला कडा उतरायला विशेष वाटत नाही, तसंच. त्याचा जीव होता तो छत्री उघडण्याआधीच्या पाऊण मिनिटात. साडेबारा हजार फुटांवर विमानातून एकामागून एक आठ जणांनी उड्या टाकायच्या, पडता पडता एकमेकांजवळ यायचं, मनगटं धरायची आणि आकाशात गोल रिंगण करायचं. हे लोक त्याला चांदणी म्हणत. ही चांदणी आधी जमिनीवर शंभरदा चालून बसवावी लागते, कोणी कुठं, कोणी कोणाचा हात धरायचा. पण हैबतीचे सात सोबती सात मुलखांत पांगलेले. खळ्यावर मात्र सात बायका होत्या, आणि भातलावणीला ओणव्यानं एका ओळीत सरकण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. म्हणून त्यानं एकेकीला एकेका सोबत्याची जागा देऊन टाकली.

त्याची थोरली भावजय रतनबाई झाली कांगड्याचा सुभेदार.

"भावजी, त्या सुभेदाराला मिशा हायेत का?" तिनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"लई मोट्या."

"मग पीळ द्याया एक हात मोकळा ठेवा की माजा."

आणि हैबतीची बायको कमळाबाई झाली कराडचा इंद्रजित.

इंद्रजितचाच फोन आला होता, पौषात. त्याचा गुडघा बदलायचा ठरला होता. डॉक्टरनं सांगितलं होतं, फेब्रुवारीनंतर उडी बंद. "हैबत्या, आठही जण जित्ते हाईत, ह्येच नवल," तो म्हणाला. "उत्तरेला एक धावपट्टी हाय, इमान मिळतंय. शेवटची चांदणी करू. तीच, जुनी. ज्याची त्याची जागा तीच." आणि शेवटी म्हणाला, "आठवा तू."

हैबतीनं हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ गोठ्यात म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. त्याच्या नावावर अठराशे उड्या होत्या. पण गेल्या चोवीस वर्षांत त्यानं आठव्या जागेवर पाय ठेवला नव्हता.

आठवी जागा म्हणजे शेवटची. सात जण रिंगण धरून तयार असतात, दोघांच्या मधे एक जागा मोकळी असते, आणि तुम्ही सगळ्यांत उशिरा विमानातून निघून सगळ्यांत लांबून येता. चोवीस वर्षांपूर्वी, सगळ्या पलटणींच्या स्पर्धेच्या शेवटच्या उडीत, सातांची चांदणी झकास जमली होती. हैबती आला तो सुसाट. इंद्रजितचं मनगट त्याला दिसलं आणि त्यानं झडप घातली. चांदणीचे दोन तुकडे झाले. परत जमायला वेळ उरला नव्हता. खाली उतरल्यावर साहेबांनी विचारलं, काय झालं? हैबतीनं तोंड उघडायच्या आत इंद्रजित म्हणाला, "माझा हात सुटला, साहेब." इंद्रजितला वर्षभर संघातून काढलं. हैबती उभा होता. दोन शब्द पुरेसे होते, आणि ते त्याच्या घशातून निघाले नाहीत. मग दिवस गेले, महिने गेले, आणि असे शब्द जितके शिळे होतात तितके जड होतात. इंद्रजितनं तो विषय कधीच काढला नाही. त्याच्या लग्नात हैबती करवल्यांच्याही पुढं नाचला होता, हैबतीच्या बापाच्या माघारी इंद्रजित तेरा दिवस या वाड्यावर राहून गेला होता. तरी ते दोन शब्द राहिलेच.

तालमीचा पाचवा दिवस असेल. सहा बायका आणि कमळाबाई ओणवून, हात धरून रिंगण करून उभ्या. हैबती खळ्याच्या पार त्या टोकाकडून हात पसरून आला, आला आणि कमळाबाईच्या मनगटावर कोसळला. दोन बांगड्या फुटल्या. रिंगण तुटून रतनबाई पेंढ्यात जाऊन बसली.

"सुभेदार पडलं," ती बसल्या जागेवरून म्हणाली.

बायका हसल्या. हैबती हसला नाही. तो खळ्याच्या कडेला दगडावर जाऊन बसला आणि त्याचा चेहरा बघून कमळाबाईनं बायकांना चहाला पाठवलं. मनगटावर रक्ताचा एक टिपका होता, तो पदरानं पुसत ती त्याच्याजवळ बसली. तेव्हा हैबतीनं तिला सगळं सांगितलं. लग्नाला तीस वर्षं झाली होती, आणि हे तिला आज कळत होतं.

तिनं मनगटात रुतलेला काचेचा बारीक तुकडा काढून टाकला. मग म्हणाली, "मग जाऊन सांगा की त्यास्नी."

"आदी धरतो, मग सांगतो. न धरता सांगितलं तर ते रडगाणं."

"धरनार कसं? रोज हितं ईताय अन रोज पाडताय." ती त्याच्याकडं नीट वळली. "येक सांगू का? तुमी माज्याकडं बगत न्हाई. माज्या हाताकडं बगत ईताय."

"हातच धरायचाय तर हाताकडंच बगनार."

"पळालेली म्हस धरताना दाव्याकडं बगताय व्हय? दाव्याकडं बगत गेलं की तिला कळतं अन ती उदळती. आदी जरा लांब थांबायचं. तिच्या डोळ्यांत बगायचं. मग ती उबी ऱ्हाती, मग दावं आपसूक हातात येतं. ल्हानपनापास्नं म्हशी राखल्या तुमी, ह्ये मी सांगायचं का?"

हैबती तिच्या तोंडाकडं बघतच राहिला. कारण हेच त्याला वीस वर्षांचा असताना उस्तादांनी शिकवलं होतं: आधी दोन हातांच्या अंतरावर थांब, नजर माणसावर ठेव, हातावर नाही. निवृत्तीनंतर शिबिरांमधून त्यानं स्वतः शेकडो पोरापोरींना हेच शिकवलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आठव्या जागेची वेळ आली की मात्र सगळी विद्या विमानात राहायची आणि उरायची फक्त धरण्याची घाई.

पुढचे बारा दिवस कमळाबाईनं त्याला रिंगणात येऊच दिलं नाही असं म्हटलं तरी चालेल. तो दोन हातांवर येऊन ओणवा थांबायचा. ती त्याच्याकडं बघायची आणि मान हलवायची नाही. "अजून न्हाई. अजून घाई हाय तुमच्या डोळ्यांत." त्याची कंबर मोडायला यायची. रतनबाई म्हणायची, "अगं, घे आता, सुभेदाराचा पाय झोपला." तेव्हा कुठं कमळाबाई मान हलवायची आणि हैबती हळूच मनगट धरायचा. एकही बांगडी फुटली नाही.

तो निघाला तेव्हा वेल्ह्याच्या एसटीपर्यंत सातही जणी सोडायला आल्या. पोटच्या पोराला फौजेत धाडतानासुद्धा या वाड्यानं एवढा थाट केला नसेल. नसरापूरला उतरून, पुण्याला रेल्वे पकडून, दीड दिवसानं हैबती त्या धावपट्टीवर पोचला. आता आठही म्हातारे एकमेकांची टकलं बघून हसत होते. इंद्रजित लंगडत पुढं आला. हैबती म्हणाला, "इंद्रजित, मला तुला एक सांगायचंय."

"आदी धर," इंद्रजित म्हणाला, "मग बोल."

विमान वर गेलं. दार उघडण्याआधी प्रत्येकानं आपल्या पुढच्याच्या पाठीवरची छत्रीची पिन तपासायची, खांद्यावर दोन थापा मारायच्या, हा यांचा जुना रिवाज. हैबती सगळ्यांत शेवटचा, म्हणून त्याची पिन तपासायला इंद्रजित मागं आला, आणि खांद्यावर दोन थापा पडल्या. मग तिसरी पडली. ती रिवाजात नव्हती.

सात जण दारातून गेले. हैबती मनातल्या मनात मोजून त्यांच्यामागं गेला. वाऱ्यानं तोंडावर पहिला दणका दिला आणि सत्तावन्न वर्षांचा माणूस एकदम हलका झाला. खाली, लांब, सातांची चांदणी जमत होती: चार, पाच, सहा, सात. दोघांच्या मधे जागा मोकळी. हैबतीनं अंग चोरलं आणि सूर मारला. चांदणी मोठी होत गेली, अंगावर येऊ लागली. इंद्रजितचं मनगट दिसलं. पांढरा मोजा, पिवळी पट्टी. हैबतीच्या बोटांना मुंग्या आल्या.

अजून न्हाई.

त्यानं छाती वर घेतली, हातपाय पसरले आणि तो थांबला. ताशी दोनशे किलोमीटर वेगानं पडत होता, पण चांदणीच्या शेजारी, तिच्या पातळीत, दोन हातांवर, तो अगदी थांबलेला होता. त्यानं हाताकडं बघितलं नाही. इंद्रजितच्या चेहऱ्याकडं बघितलं. चष्म्याआड ते डोळे त्याच्याकडंच लागलेले होते. इंद्रजितनं मान हलवली.

हैबतीनं झोपलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा हात ठेवला. मग दुसरा, सुभेदाराच्या मनगटावर. चांदणी थरथरलीसुद्धा नाही. आठ म्हातारे आठ हजार फुटांवर रिंगण धरून एकमेकांकडं बघत होते, वाऱ्यानं गाल फडफडत होते, आणि कांगड्याचा सुभेदार लहान मुलासारखा रडत होता. बारा सेकंद. मनगटावरच्या उंचीच्या घड्याळानं इशारा दिला तेव्हा कोणालाही हात सोडवेना. मग सोडले, पाठ फिरवली, लांब पांगले, आणि आठ छत्र्या फाटकन उघडल्या.

खाली उतरल्यावर हैबतीनं छत्रीसुद्धा गोळा केली नाही. सगळे जमल्यावर तो उभा राहून म्हणाला, "त्या स्पर्धेत इंद्रजितचा हात सुटला नव्हता. चूक माझी होती. मी गप्प बसलो." हिंदीत सांगावं लागलं आणि हिंदीतही ते जडच होतं.

सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. मग सुभेदार हसायला लागला, आणि बाकीचेही. इंद्रजितनं त्याच्या मानेवर हात टाकला.

"हैबत्या, आमी सात जण रिंगण धरून होतो," तो म्हणाला. "आठवा येतो तवा सातही जण कुणाकडं बघतात? तुझ्याकडंच बघत होतो सगळे. तूच तेवढा हाताकडं बघत होतास." मग म्हणाला, "साहेबानं नंतर सातांनाबी येकेकाला बोलवून इचारलं होतं. सातांनी त्येच सांगितलं, इंद्रजितचा हात सुटला."

चोवीस वर्षं सात माणसांनी एक शब्द काढला नव्हता. त्या दिवशी हैबती मैदानात बसून पोटभर रडला आणि नंतर पोटभर जेवला.

चौथ्या दिवशी दुपारी तो खळ्यावर पोचला तेव्हा बायका आधीच जमल्या होत्या. त्यांच्यातल्याच सुलक्षणाच्या मोबाईलवर उडीचा व्हिडिओ आला होता, त्याच्याही आधी. तिनं तो थांबवून धरला आणि सात डोकी त्यावर वाकली. रतनबाईनं मिशीवाल्यावर बोट ठेवलं. "ही मी. बगा कशी रडतीया." प्रत्येकीनं आपापली जागा शोधली. कमळाबाईनं बोट कुठंच ठेवलं नाही. हैबती चांदणीच्या शेजारी येऊन थांबला, तेवढाच तुकडा ती पुन्हा पुन्हा लावायला सांगत होती.

"थांबलं बरं का," ती शेवटी म्हणाली.

"तवा आता आमच्यातबी या येकदा," रतनबाई म्हणाली.

सात बायका ओणवल्या. रिंगण झालं. बांधावर माणसं जमली, आज हसायला नव्हे. हैबती पार टोकाकडून हात पसरून आला आणि दोन हातांवर थांबला. कमळाबाईनं त्याच्याकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांत आता घाई औषधालाही नव्हती, हे तिला दिसत होतं. तरी तिनं मान हलवली नाही. चांगली दोन मिनिटं त्याला तसंच ओणवं ठेवलं, आणि तोही तिच्याकडं बघत तसाच राहिला.