अष्टमीचा पाला

आमच्या कसाल गावात कोणी आजारी पडलं की पाहायला येणारे निम्मे लोक डॉक्टर होऊनच येतात. माझ्या आतड्याला पीळ पडला आणि ऑपरेशनमध्ये लहान आतडं बहुतेक सगळं कापून टाकावं लागलं, तेव्हा ही मंडळी ओळीने ओसरीवर येऊन बसली. कोणी कोंड्याची भाकरी सांगितली, कोणी इसबगोल. सगळ्यांच्या अकलेचा तारा एकच, पोट साफ व्हायला हवं. माझं पोट दिवसातून दहादा साफ होत होतं, पण ते ऐकायला सवड कोणाला?

डॉक्टरांचं म्हणणं साधं होतं. उरलेलं आतडं जास्तीचं काम शिकेल, पण त्याच्या चालीने. आधी मऊ पेज, मग चमचाभर कुस्करलेलं पिकं केळं, सोसलं तर पुढे. पाला, साली, कोंडा इतक्यात नको. तोवर छातीतल्या नळीतून थेट रक्तात पोषणाची बाटली. महिनाभर वजन टिकलं तर नळी काढणार होते. माझा सगळा जीव त्या नळीत अडकला होता. बायको रोज सकाळी मला काट्यावर उभं करायची आणि केळं चमच्याने मोजून द्यायची.

महिना भरायला चार दिवस उरले असताना गोकुळाष्टमी आली. त्या दिवशी आमच्याकडे आंबोळ्या आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी हवीच. बायको विहिरीवर गेलेली पाहून माझी थोरली बहीण पान वाढून घेऊन आली.

"देवाचो नैवेद कोणाक बाधणा नाय रे," ती म्हणाली.

भक्तीबिक्ती काही नाही. मला ती भाजी हवी होती, आणि काही झालंच तर दोष द्यायला बहीण होतीच. मी पान चाटूनपुसून खाल्लं.

पाला गेला तसाच बाहेर आला, अंगातलं पाणी घेऊन. तीन दिवसांत महिन्याची कमाई धुऊन गेली. नळी राहिली. बायकोने पुन्हा अर्ध्या चमच्यापासून सुरुवात केली.

नळी निघाली ती थेट शिमग्याच्या तोंडावर. त्या दिवशी बहीण आली आणि चहा पिता पिता ओसरीभर ऐकू जाईल असं म्हणाली, "ह्यो अष्टमीच्या पाल्याचोच गुण."

भांडण नको म्हणून मी मान डोलावली. बायकोने बहिणीच्या हातातला अर्धा प्यालेला कप काढून घेतला. मग माझ्या पुढ्यातली केळ्याची वाटीही उचलली आणि आत निघून गेली.