मॅडम फरशीवर बसल्या

ठाण्यात मी एका ज्यू आजींना सांभाळते. गाव माझं सुलतानपूर, शाळा सातवीतच सुटली. आजींचे मालक गेल्यापासून त्यांच्याच समाजातल्या समुपदेशक मॅडम त्यांच्याशी बोलायला येतात.

त्या दिवशी धाकट्या भावाचा फोन आला. बाबा गेले होते, तेरवीसुद्धा उरकली होती. "तू लय भेतं, म्हून नाही सांगतलं," म्हणाला आणि फोन ठेवला.

मॅडम आल्या तेव्हा मी स्वयंपाकघरात फरशीवर बसले होते. आजींकडून त्यांना कळलंच होतं. त्या माझ्याजवळ खाली बसल्या, पण एक शब्द बोलल्या नाहीत. मला त्यांचाच राग आला.

"काऊन गप बसल्या? बोला ना काही!"

"आमच्यात ज्याचं माणूस गेलं, तोच आधी बोलतो," त्या म्हणाल्या. "आता सांग, काय करावंसं वाटतंय?"

असं मला घरी कधी कुणी विचारलं नव्हतं.

"भावावर वरडायचं हाय. पण छाती धडधडते."

"मग कसं करूया? मी बोलू, की नुसती बसू?"

"बसा फक्त."

त्या बसल्या, हे उपकार मी विसरणार नाही. मी फोन लावला.

"भेते मी, हाव! पण बाप काय तुह्या एकट्याचा होता का बे?"

त्याने फोन कापला. मी परत लावला.