टिपणिसांची रविवारची बाटली

कलकत्त्यातल्या बालीगंजच्या मराठी मंडळींत त्या साली एकच कुजबुज होती: फोर्ट विल्यमच्या भांडारातले कारकून श्यामकांत टिपणीस रविवारी दुपारी दारंखिडक्या लावून स्पिरिट ढोसतात. शोध शेजारच्या सरलाबाईंचा. बाईंचं नाक असं, की कुणाच्या फोडणीत हिंग कमी पडला तर ह्यांना जिन्यात कळे. टिपणिसांच्या पिशवीत फुलकोबीखाली त्यांना स्पिरिटची बाटली दिसली.

"स्टोव्हसाठी असेल हो," कुणीतरी म्हणालं.

"कुठला स्टोव्ह? कोळशाची शेगडी आहे त्यांच्याकडे. मी विचारून घेतलंय!"

तेव्हापासून टिपणिसांच्या बायकोला, पुष्पाबाईंना, हळदीकुंकवाला कुंकवाबरोबर थोडी कीवही मिळू लागली.

बंद दाराआड काय चाले, ते मात्र बाईंच्या नाकालाही कळलं नाही. टिपणिसांची लीना अकरा वर्षांची. नागपुरात असताना तापात तिचा उजवा पाय लुळा पडला. मांडीपासून बुटापर्यंत दोन पोलादी पट्ट्या, बेंटिंक स्ट्रीटवरच्या चिनी बूटवाल्यानं बसवलेल्या. चालताना नट सैल होऊ नयेत म्हणून तो बोल्टच्या आट्यांना लाखेचं पातळ रोगण लावी. सुकलं की नट जागचा हलत नसे. पण पोर वाढत होती. पट्ट्या लांब करायच्या म्हणजे बोल्ट काढून पुढच्या भोकात घालायचे. ते काम श्यामकांत घरीच करत.

एकदा त्यांनी सुकलेल्या लाखेवरच नवी लावली. नट अर्ध्यावर अडला, वरून घट्ट वाटला, पण चालताना सुटला आणि लीना शाळेच्या फाटकात कोसळली. मुली हसल्या. परकर सावरत उठली म्हणून पट्ट्या कुणाला दिसल्या नाहीत, एवढंच. घरी येऊन म्हणाली, "बाबा, पट्ट्यांचं कुणालाही सांगायचं नाही. पाय मुरगळलाय म्हणायचं. माझी शपथ."

त्यानंतर बोल्ट बशीत, स्पिरिटमध्ये भिजू लागले. लाख मऊ झाली की दाभणाच्या टोकानं आट्यांतून तिची तपकिरी सालं सोडवायची, दातांच्या जुन्या ब्रशानं घासायचं, आणि नट नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरला तरच हुश्श म्हणायचं. कोंदट खोलीत डोळे लाल होत. संध्याकाळी तसेच डोळे घेऊन श्यामकांत भाजीला निघत, म्हणजे सरलाबाईंना आयती मेजवानी!

गणपती जवळ आले. भजनाला पेटी श्यामकांतांची आणि तबला दिगंबररावांचा, हे ठरलेलं. दोघांची ट्रामही एकच. त्या रविवारी दिगंबरराव दारात उभे राहिले. बोल्ट बशीत होते. लीना पट्ट्यांवाचून आतल्या खाटेवर. मध्ये फक्त पडदा.

"श्याम, वास जिन्यापर्यंत येतोय रे."

"ये, बस की."

"बसायला नाही आलो. पेटीवर दुसऱ्याला बसवा म्हणतायत. मी भांडून आलोय. तू एकदा नाही म्हण, सगळ्यांची तोंडं मी बंद करतो."

"मग वास कशाचा, ते सांगावं लागेल?"

"लागेलच. सरलावहिनी सोडतील होय?"

पडदा हलला. त्याच्या कडेला लीनाची बोटं दिसली, घट्ट मुठीत कापड धरलेली.

"पितो," श्यामकांत म्हणाले.

दिगंबररावांनी चौकटीवरचा हात काढला. "निदान खोटं तरी बोलायचंस," म्हणाले, आणि जिना उतरले.

त्या वर्षी पेटीवर बँकेतले गुरुदत्त बसले. सूर असे लावले, की गणपतीचे कान उगाच मोठे नाहीत हे सगळ्यांना पटलं. टिपणीस मागे, चपलांपाशी उभे होते. प्रसाद वाटणारा हात त्यांच्यापाशी आखडला. दिगंबरराव पुढची ट्राम धरू लागले.

"बाबा, सांगून टाका आता," लीना एकदा म्हणाली.

"आधी चालून दाखव. नट बसलाय का बघू."

ती खिडकीपर्यंत गेली आणि परत आली.

पुढे बदली झाली. हावड्याला पोचवायला कुणी आलं नाही.

श्यामकांत टिपणिसांनी दारूला आयुष्यात तोंड लावलं नाही. स्पिरिट बोल्टवरची लाख काढायला लागत असे.